वरून ओतलेला कसुंबा

"तुझा बाप कसा थरथरायचा गं? जरा करून दाखव याला."

देवासच्या मराठी मंडळाच्या हॉलात, सगळ्या नटांसमोर, आबासाहेब मला म्हणाले. आबासाहेब दिग्दर्शक, जुन्या दरबारी घराण्यातले. नाटक माझ्या बापावर. बाप मराठीत लिहायचा. अफूपायी धारच्या तुरुंगात गेला, मोडून बाहेर आला, मेला. कुणाला आठवतही नव्हता. आम्ही महार. मला बोलावलं ते नटाला बापाच्या लकबी शिकवायला.

मी केलं. हात थरथरवले, मान टाकली. लोक खदाखदा हसले. एकजण माळवी ढंगात ओरडला, "वा भिया, खून में है!" अंगाची लाही झाली. तरी उभी राहिले, कारण वाटलं, निदान बापाचं नाव तरी निघतंय.

मग तालीम लागली. नाटकात बाप मांडूच्या जत्रेत अफू विकत घेतो, आडव्या आलेल्या बायकोला ढकलून. साफ खोटं!

बापाला अफू लागली ती आबासाहेबांच्या वडिलांच्या बैठकीत. तिथे पाहुण्याला कसुंबा द्यायचे. कसुंबा म्हणजे अफूचं पाणी, यजमानाच्या ओंजळीतून प्यायचं. मोठा मान. बापाकडून भाषणं, कविता लिहून घ्यायचे आणि खाली नाव मालकाचं. कसुंबा त्यालाही मिळे. पण ओंजळीतून नाही. शिवायला नको म्हणून वरून ओतायचे. आई सांगायची, माझा खुळा बाप त्यालाच मान समजून फुलून घरी यायचा. पुढे पोलीस आले. अफू बैठकीतली, बेड्या एकट्या बापाला.

मी विचारलं, "आबासाहेब, ती बैठक कुठाय नाटकात?"

आबासाहेब हसले. "तू आमच्या ट्रस्टच्या शाळेत शिकवतेस ना, बाळ?"

धमकी कळली. पण तोंडातून निघालं, "शिकवते. म्हणून तर विचारते."

दुसऱ्या दिवशी शाळेनं सांगितलं, येऊ नका. तेव्हापासून संध्याकाळी दारासमोर एक जीप येऊन थांबते. कुणी उतरत नाही, इंजिन चालू असतं. भाऊ रडकुंडीला आलाय. "जाऊ दे ना ताई, क्यों पंगा लेती है?" मलाही भीती वाटते. खोटं कशाला बोलू? कडी दोनदा तपासते.

पण प्रयोगाला मी जाणार. जत्रेचा प्रवेश आला की उठून रंगमंचावर चढणार. ती बैठक करून दाखवणार, कुणी कुणाला पाजलं ते नावानिशी सांगत. ते पडदा पाडतील. पाडू देत. मी पडद्याच्या पुढे उभी असेन.