वेगळ्या हाताची काडतुसं

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. मी भरलेलं असलं तरी नाही," हॉल्वर स्टेनरूड मला एकदा म्हणाला होता.

तेव्हा मी त्याच्याकडे पाच काडतुसं मागत होतो. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होत होता आणि गावातल्या दुकानात माझ्या मापाचं एकही उरलं नव्हतं. हॉल्वरच्या तळघरात तीनशे होती. त्याने कॉफी दिली, वर रूबार्बच्या आंबट देठांच्या वडीचा तुकडा दिला, काडतूस दिलं नाही. त्या वर्षी आमच्या घरी हरणाचं मांस आलं नाही. मी बरेच दिवस रागात होतो. रोज त्याच्या पेटीत टपाल टाकायचो, पण हात हलवायचो नाही.

मोंटानाच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात घरी काडतुसं भरणारे पुष्कळ आहेत. झाडलेली पितळी पुंगळी उचलून आणायची, धुवायची, तिला पुन्हा आकारात दाबायची, मागे ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. लांब हिवाळ्यात वेळ जातो. पण एकाने भरलेलं दुसरा झाडत नाही. मित्राचं नाही, भावाचंही नाही. भरणाऱ्याचं त्या घटकेला लक्ष कुठे होतं, ते पितळेवर लिहिलेलं नसतं.

हॉल्वरने चाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले. त्याच्या टापूत लाल दिव्याच्या जागी हिरवा कधी लागला नाही. त्याचा नियम एकाच माणसासाठी वाकला होता, तो म्हणजे त्याची बायको इडेला. कुरणात चारशे पावलांवर साखळीला टांगलेल्या पोलादी थाळीवर ती दर रविवारी नेम धरायची आणि एक्केचाळीस वर्षं तिने नवऱ्याच्या हातचीच काडतुसं झाडली. पुंगळ्या ती धुवायची, ओव्हनच्या ताटात वाळवायची. भरायच्या टेबलाला मात्र तिचा हात लागत नसे. तो दारू तोलत असताना ती जिन्यावरून हाकसुद्धा मारत नसे.

साथ आली त्या वसंतात दोघं घरात अडकली. इडेलाची फुप्फुसं आधीच अधू होती आणि डॉक्टरने तिला कोणालाही भेटायला मनाई केली होती. चर्च रेडिओवर आलं. जिल्ह्याचा नेमबाजीचा उन्हाळी सामना रद्द झाल्याचं पत्र मी निवृत्त झाल्यावर आलेल्या नव्या टपालवाल्याने आणलं, तेव्हा हॉल्वर म्हणाला, "सामना रद्द झालाय. वारा थोडाच रद्द झालाय?" आणि तो तळघरात उतरला.

त्याने काडतुसं भरायची एकदम दोन कामं काढली. एक इडेलाच्या बंदुकीचं, नेहमीचं. दुसरं आजोबांबरोबर नॉर्वेहून आलेल्या जुन्या बंदुकीचं. तिच्या मापाची काडतुसं आता कोणी विकत नाही. पुंगळ्या कापून, घासून तिच्यासाठी नव्याने घडवाव्या लागत. तो सकाळी नाश्ता करून खाली जायचा तो जेवायलाच वर यायचा. आठवड्यातून दोनदा मी किराणा त्यांच्या पायरीवर ठेवायचो आणि तळघराच्या बाहेरच्या दारातून दोन शब्द बोलायचो. अंतर राखून.

"टपालवाल्या, अंडी फुटलीत का रे?"

"फुटली तर तुझ्या दारूच्या त्या चिमुकल्या काट्यावर तोलून पैसे परत घे."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी दूर माझी खुर्ची टाकून दुर्बिणीतून थाळी बघत होतो. गवतात अजून कुठे कुठे बर्फाचे तुकडे होते. इडेला जुन्या ताडपत्रीवर पालथी पडून झाडत होती. पहिल्या तीन गोळ्यांना थाळी वाजली.

चौथीचा आवाज वेगळा होता. जवळचा, कोरडा. थाळी गप्प राहिली.

"हॉल्वर," इडेला म्हणाली, "बोल्ट अडकलाय. उघडत नाही."

नळीचं मागचं तोंड बंद करणारा तो लोखंडी खिट्टा त्याने लाकडी हातोडीने ठोकत उघडला. पुंगळी बाहेर पडली, ती उजेडात धरली. आतला दाब फार वाढल्याने मागची टोपी चपटी झाली होती, मुलं रुळावर नाणं ठेवतात आणि वरून गाडी जाते, तशी. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटतं, त्याला तिथेच सगळं कळलं होतं.

"ऊन," तो म्हणाला.

"कसलं ऊन?"

"काडतुसं उन्हात राहिली. तापली."

माझे पाय बुटात गारठले होते. इडेलाने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या बर्फाकडे. "बरं," म्हणाली आणि पाचवं काडतूस बंदुकीत सरकवलं.

तिने त्याचं खरं मानलं की त्याला वेळ दिला, हे मी आजही सांगू शकत नाही. बोल्ट बंद झाला. तिचा गाल दस्त्याला टेकला. लोखंडाच्या त्या तुकड्यापासून डोळा चार बोटांवर. मी ओरडायला हवं होतं. चाळीस वर्षं ज्याच्या हातून चूक झाली नाही त्याच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही.

"थांब," हॉल्वर म्हणाला.

"आता वारा पडलाय, म्हाताऱ्या. मध्ये कडमडू नको."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने बोल्टवर पंजा ठेवला. "काढ ते, इडेला. ऊन नाही. मी काहीतरी चुकलोय."

दुपारी त्याने त्या खेपेच्या पन्नासातली उरलेली सेहेचाळीस काडतुसं एकेक करून उकलली. मी दाराबाहेर उभा होतो. पांढऱ्या कागदावर दारू ओतून तो भिंगातून पाहत होता. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे दिसावेत तशी ती दिसते. सगळी सारखीच वाटते. पण कागदावर लांब तुकड्यांत आखूड तुकडे मिसळले होते, कुठे थोडे, कुठे पुष्कळ.

"जुन्या बंदुकीची," तो म्हणाला. "ही लवकर पेटते. तिच्या बंदुकीत हिचं काही काम नाही."

"पण ती तिच्या डब्यात गेलीच कशी?"

"टेबलावर एका वेळी एकच डबा, हे मी तुला किती वेळा सांगितलंय?"

"शंभरदा."

"त्या दिवशी दोन होते. सिग्नेचा फोन वाजला. उठण्यापूर्वी मापात उरलेली दारू डब्यात परत ओतायची, हाही माझाच नियम. ओतली." त्याने भिंग खाली ठेवलं. "शेजारच्या डब्यात."

सिग्ने त्यांची मुलगी, स्पोकेनला असते. त्या दिवसांत ती रोज दुपारी फोन करायची, आई नीट श्वास घेतेय ना हे ऐकायला.

त्याने भेसळ झालेला तो सबंध डबा रूबार्बच्या वाफ्यात रिता केला. मग पुंगळ्या दाबायचं यंत्र टेबलावरून सोडवलं, तेलाच्या फडक्यात गुंडाळलं आणि जिन्याखाली ठेवलं. रेल्वेत असंच करत. चुकीचा दिवा लावणाऱ्याला कोणी रागावत नसे, त्याला लाइनवरून उतरवत. हॉल्वरने स्वतःला उतरवलं.

तीन रविवार थाळी वाजली नाही. दुकानांतही काडतुसं मिळत नव्हती. हॉल्वर खिडकीशी बसून मालगाडीचे डबे मोजायचा. इडेलाचा खोकला वाढला नव्हता, पण ती अंथरुणातून उशिरा उठायला लागली होती. बाहेर पडण्यासारखं तिचं ते एकच ठिकाण होतं. मी पायरीवर पिशवी ठेवत असताना आतलं ऐकू यायचं.

"यंत्र काढ."

"नाही."

"मग मी काढते. तुझी मापं लिहिलेली वही कुठाय?"

"तुला नाही जमायचं. लक्ष लागतं."

"एक्केचाळीस वर्षं तुझ्यासारख्याकडे लक्ष दिलंय मी. पितळ त्यापेक्षा अवघड असतं होय?"

"इडेला, तुझ्या डोळ्याजवळ फुटलं असतं ते."

"माझा डोळा माझ्याजवळच आहे. तुझंच डोकं अजून त्या कुरणात पडलंय. वही दे."

त्याने वही दिली. नंतर तीच मला सांगत होती की पहिले दोन दिवस तिने नुसती वाचली, त्याचं बारीक अक्षर, तारखा, वारा, कोणत्या रविवारी तिने किती वेळा थाळी वाजवली. तिने स्वतः हे कधी मोजलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी यंत्र टेबलावर बसलं. तिने फोनची तार भिंतीतून उपटली आणि सिग्नेला आधीच सांगून ठेवलं की दुपारी श्वास नाही, संध्याकाळी ऐक. तळघरात यंत्राचा दांडा वरखाली व्हायला लागला की हॉल्वर खिडकीशी डोळे मिटून बसायचा. दांडा मध्येच थांबला तर डोळे उघडायचा. पण तो खाली गेला नाही.

मेच्या अखेरीस मी बटाट्याचं बियाणं घेऊन गेलो तेव्हा तळघराचं दार उघडं होतं. इडेला टेबलाशी बसली होती. समोर एकच डबा, झाकण लावलेला. ती एका लहान पेटीवर चिठ्ठी चिकटवत होती, तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात. जिन्यावर पावलं वाजली. हॉल्वर उतरला, शेवटच्या पायरीवर थांबला. महिनाभरात तो पहिल्यांदाच खाली आला होता.

"माझ्या बंदुकीची झाली," इडेला म्हणाली. "काल झाडली. सगळी लागली. तू खिडकीतून बघत होतास, मला ठाऊक आहे."

त्याची नजर पेटीकडे गेली.

"ही तुझ्या आजोबांच्या बंदुकीची. पाच. वहीत आहे तशीच. प्रत्येकाची दारू दोनदा तोलली."

मला राहवलं नाही. "हॉल्वर, नियम काय होता रे?"

"तू गप, टपालवाल्या," इडेला म्हणाली. "बटाटे ठेव आणि गप उभा राहा."

हॉल्वर टेबलापाशी आला. पेटीतून एक काडतूस उचलून त्याने खिडकीकडे धरलं. सावकाश फिरवलं. टोपी पाहिली, कड पाहिली. बोटाने काट्यावरचं फडकं बाजूला केलं. काट्याची सुई हलली. इडेला त्याच्या हाताकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही.

त्याने काही न तोलताच काटा पुन्हा झाकला. पाचही काडतुसं सदऱ्याच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं, भिंतीवरची जुनी बंदूक उतरवली आणि माझ्या शेजारून कुरणाकडे निघून गेला.