प्लॅस्टिकच्या नळाचं पाणी

गल्लीत ते शिरले की बायका तोंडाला पदर लावायच्या. "आले बाटलीभाऊ. सकाळी सकाळी बाटल्या घेऊन," असं कुणीतरी म्हणायचंच. बाटलीभाऊंनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, पण नाव पडलं ते पडलं. पाणीखात्यात ते तपासणीसाठी नमुने गोळा करायचे. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा चिमट्यात धरून पेटवायचा, नळाचं तोंड चांगलं भाजायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची. भाजलं नाही तर नळाच्या तोंडावरचे जंतू बाटलीत उतरतात आणि चांगलं पाणी फुकटचं बदनाम होतं.

आता प्लॅस्टिकचा नळ काही भाजता येत नाही. एकदा त्यांनी भाजला, तर तो वितळून लोंबायला लागला आणि त्या घरच्या म्हातारीनं त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तेव्हापासून बाटलीभाऊंनी कानाला खडा लावला. धातूचे नळ तेवढे आपले. प्लॅस्टिकचा नळ ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून, थोडं थांबून नमुना घेता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तो द्राविडी प्राणायाम करतो कोण?

मागच्या गल्लीत पितळी नळ चोरीला जायचे, म्हणून सगळ्यांनी प्लॅस्टिकचे बसवलेले. त्यामुळे त्या गल्लीचा नमुना कधी निघालाच नाही. त्याच गल्लीत, गटाराला लागून असलेल्या पहिल्या घरात, त्यांची थोरली बहीण राहायची.

"अरे, आमच्या पाण्याला वास येतोय," ती एकदा म्हणाली.

"ताई, तुझ्या नाकाला सगळ्याचाच वास येतो. लहानपणी माझ्या मोज्यांचासुद्धा यायचा."

भावजी शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "मोज्यांच्या बाबतीत तिचं चुकलं नव्हतं, मेव्हणेबुवा."

तिघंही हसले. ताई मात्र चिकटच. "घे की एक बाटली भरून. तुझं काय जातंय?"

"आधी नळ बदल. प्लॅस्टिकचा चालत नाही."

"मग बघशील ना?"

"बघतो गं."

ते बघणं राहूनच गेलं. मधे रस्ता खोदला, वास साऱ्या गल्लीत पसरला, आणि मग घराघरांतून डोळे पिवळे व्हायला लागले. बाकीचे बरे झाले. भावजी इस्पितळातून घरी आले ते पांढऱ्या चादरीखाली.

जमीन उकरली तेव्हा सगळं बाहेर आलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं संडासाच्या टाकीचं पाणी गुपचूप गटारात सोडलं होतं आणि गटारातूनच गेलेला पाण्याचा पाइप कुजला होता. पण घाण कधीपासून येत होती, ते मातीवरून कळत नव्हतं. प्रदूषण खात्याच्या बाई चौकशीला आल्या. हॉटेलवाला हात जोडून म्हणाला, "रस्ता खोदताना टाकी फुटली हो. अपघात झाला." तसं असेल तर ताकीद देऊन सुटका. पण घाण आधीपासून सोडलेली ठरली, तर कोर्ट आणि हॉटेलला टाळं. गटाराला लागून घर ताईचं. खोदण्याआधीचं सांगू शकेल अशी तीच एकटी.

"वास कधीपासून येत होता?" बाईंनी विचारलं.

बाटलीभाऊ खात्याचा माणूस म्हणून बाजूलाच उभे होते. ताईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"रस्ता खोदल्यापासून. त्याच्या आधी काही नव्हतं."

"कुणाकडे तक्रार केली होती?"

"नाही बाई. कुणाकडे करणार?"

बाटलीभाऊ हातातल्या बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा घट्ट करत राहिले. तोंड उघडायला तेवढा एकच क्षण होता. तो गेला.

हॉटेलला ताकीद मिळाली, गल्लीला नवा पाइप. काही दिवसांनी ते ताईकडे गेले. ती भावजींचे अर्धवट शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना परत द्यायला बांधत होती.

"ताई, मी बाईंना जाऊन खरं सांगतो."

"काय सांगणार? ताई खोटं बोलली म्हणून?"

"तू माझ्यासाठी बोललीस."

"मग काय शेजाऱ्यासाठी बोलणार होते? तुझी नोकरी गेली असती तर हे उठून मशीनवर बसले असते का?" तिनं गाठ ओढली. "माणूस गेला. आता माझा शब्द तरी घालवू नकोस."

तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं चहा टाकला.

हल्ली ते प्लॅस्टिकचे नळ पुसतात, थांबतात, बाटली भरतात. पण गल्लीच्या जिभेला हाड कुठे? हॉटेल सुटलं कसं, याचा हिशेब लोकांनी बाटलीभाऊंच्या नावावर केव्हाच लावून टाकलाय. त्याला हॉटेलवाल्याचाही हातभार आहे. त्या बिचाऱ्याला मनापासून वाटतं, की बाटलीभाऊंनीच आपल्याला सांभाळून घेतलं. ते दिसले की तो गल्ल्यावरून उठून उभा राहतो आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणतो, "या भाऊ, बसा. तुमचे उपकार विसरणारा माणूस नाही मी."

"अहो, मी काही केलेलं नाही," एकदा ते कळवळून म्हणाले.

"तेच तर," तो हसून म्हणाला.

बाकड्यावरची माणसंही हसली. खरं सांगावं तर ताई खोटी पडते. म्हणून ताईकडे जायचं असलं की बाटलीभाऊ आता हॉटेल टाळून लांबचा रस्ता धरतात, कारखान्याच्या भिंतीकडेनं, बाटल्यांचा डबा सांभाळत.