पेडलआधीचा प्रश्न

ठोक्याला ठोक्या म्हणतात ते कारखान्यातल्या कामामुळे, असं तो सांगे. खरं कारण त्याच्या तापट डोक्यात होतं, आणि त्याची बायको ते पुरतं ओळखून होती. बावीस वर्षं तो पत्र्याचे डबे ठोकायच्या प्रेसवर होता. पेडल दाबण्याआधी तो ओरडायचा, "हात?" पलीकडून पत्रा सरकवणारा "बाहेर" म्हणे, मगच साचा खाली येई. "आत" ऐकू आलं की पाय जागच्या जागी. त्याच्या प्रेसवर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही, ही फुशारकी तिने हजारदा ऐकली होती.

घरात मात्र या गृहस्थाने कधी काही विचारलं नाही.

ती शर्टांच्या कॉलर शिवायची. तीन वर्षांपूर्वी आमवाताने तिची बोटं धरली, मग मनगटं, मग खांदे आणि कंबर. सकाळी साधं बटण लावता येईना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, जन्मभराच्या गोळ्या दिल्या. नवऱ्याला तिने त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही; गोळ्या डाळीच्या डब्यात दडवल्या, पंजे पदराआड. बायको दुखणाईत म्हटल्यावर हा दुसरी बघेल, या धास्तीने तिला पोखरलं होतं. तो जवळ आला की "नको" म्हणून ती कुशीवर वळे. तीन वर्षं नुसतं नको! बाई, एकदा तरी तोंड उघडायचंस.

रविवारी दुपारी त्याचा तोल सुटला. तिचं मनगट पिरगाळत त्याने विचारलं, "कोण आहे तो?"

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बोटांत काही धरवेना, म्हणून तिने टेबलावरची इस्त्री दोन्ही पंजांमध्ये दाबून उचलली आणि भिरकावली. त्याची भुवई फाटली. त्याने आरसा फोडला, कपाटाचं दार उखडलं, तिला भिंतीवर ढकललं. ती त्याच्या दंडाला कडकडून चावली आणि रक्त येईपर्यंत सोडलं नाही.

मग सुजलेले, वाकडे पंजे तिने त्याच्या तोंडापुढे नाचवले.

"हा बघ तो. तीन वर्षं आपल्या दोघांच्या मध्ये झोपतोय. तू हात लावलास की तुझा जीव घ्यावासा वाटतो, आणि तू सोडून गेलास तर मी जगणार नाही."

रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं. तिचे पंजे धरायला तो पुढे झाला आणि वीतभर अंतरावर थबकला.

"हात?"

ती भिंतीला टेकून उभी होती. त्याचं नरडं धरावं असं तिला अजून वाटत होतं.

"आत," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला आणि आरशाच्या काचा वेचायला बसला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उद्या परत विचार मला."