जलसेतूचा मूळ गिलावा

काशीगावच्या मागच्या जुन्या जलसेतूला माझ्यामुळे काहीही झालेलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. जे झालं ते जवळ्याला झालं, आणि त्यालाही माझ्यापेक्षा माझे साडू जास्त जबाबदार आहेत.

साडू म्हणजे अविनाशराव, राहणार पुणे. (हे वेगळं सांगायला नकोच.) आम्ही परळची खोली विकून भाईंदरला केबिन रोडवर आलो, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "विलासराव, तुमच्याकडे टॉवर आहेत, टँकर आहेत, पण इतिहास काही नाही हो!" तेही सगळ्या सासरच्यांसमोर, श्रीखंडाची वाटी पुढे करत. गेल्या दिवाळीत माझा संयम संपला.

"आमच्याकडे जलसेतू आहे," मी म्हणालो. "दगडी, कमानींचा. जुन्या काळी नाल्याच्या डोक्यावरून शेतीचा पाट नेलाय."

"मग दाखवा की. लाइव्ह दाखवा. नाहीतर हा विषय कायमचा बंद."

झालं! आता प्रश्न माझा उरला नव्हता, अख्ख्या भाईंदरच्या अब्रूचा होता. मुलीने वाढदिवसाला ड्रोन दिला होता. तो मी तोपर्यंत फक्त हॉलमध्ये उडवला होता, आणि आमचे पडदे तसेही बदलायला झालेच होते.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने काशीगाव गाठलं. योजना सोपी होती. मी ड्रोन उडवायचा, आणि बायकोने तिच्या फोनवरून पुण्याला व्हिडिओ कॉल लावून माझ्या हातातला स्क्रीन दाखवायचा. तिकडे अख्खं सासर पोहे घेऊन बसलेलं.

ड्रोन झोकात वर गेला. खाली नाला, वर कमानी, आणि कमानींवर कोरडा पडलेला पाट. मला खरंच भरून आलं.

"सिमेंटचा वाटतोय," पुण्याहून आवाज आला.

"दगड आहे!"

"मग जवळून दाखवा ना. तो वर गुलाबी तपकिरी थर कसला आहे?"

स्क्रीनवर ऊन पडलं होतं, मला धड काही दिसत नव्हतं. पण माघार घेईन तर मी कसला जावई! "तो मूळ गिलावा," मी ठणकावून सांगितलं. "एवढी वर्षं ऊनपाऊस खाऊन जसाच्या तसा टिकलाय."

"अहो," बायको नाक मुरडत म्हणाली, "मला कसला तरी वास येतोय."

"इतिहासाला वास असतोच," मी म्हणालो आणि ड्रोन खाली आणला. एवढ्या वर्षांचा गिलावा डोळ्यांदेखत हवेत उडाला.

"आरं, कोन हाय रं त्यो?" पलीकडून एक बाई हातात सूप घेऊन धावत आली. ही ताराबाय. जलसेतूचा माथा सपाट, भरपूर ऊन, आणि कुत्रीमांजरं तिथवर चढत नाहीत, म्हणून तिच्या घरचा जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, पिढ्यान् पिढ्या तिथेच वाळतो. हे मला कोणी सांगितलं होतं? "माजा सगला जवला गेला की! बंद कर तो पंखा!"

मी घाबरून बटण दाबलं. ड्रोन आज्ञाधारकपणे उरलेल्या जवळ्यात जाऊन बसला आणि पंखे थांबायच्या आत त्याने तोही उधळला. मग घारी आल्या.

"मावशी, हा ऐतिहासिक ठेवा आहे," मी म्हणून बघितलं.

"ठेवा न्हाय, जवला हाय. येच."

मी वेचला. कमानीखालच्या मातीत, गुडघ्यांवर, कडक उन्हात, तिचं सूप घेऊन, एका हाताने घारी हाकलत. "अहो, तो कोपरा राहिला," बायको नाल्याच्या काठावरून सांगत होती. तिने फोन अजून धरलेलाच होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पुण्यात कोणाला तरी पोह्यांचा ठसका लागल्याचं मला ऐकू आलं.

मातीत पडलेला सगळा जवळा अर्थात आम्हीच विकत घेतला. घरी येताना लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मीनाबेन भेटल्या. पिशवीकडे बघत त्यांनी पदर नाकाला लावला.

"भाईसाब, ये क्या है?"

"ड्रोन है," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. आजही तो उडवला की केबिन रोडची मांजरं गोळा होतात.

पण मी हरलो असं कोणी समजू नये. अविनाशरावांनी त्या कॉलमधलं एक चित्र काढून कुटुंबाच्या ग्रुपला लावलंय. मी ओणवा, हातात सूप, डोक्यावर घार. बायको म्हणते, काढायला सांगा. का म्हणून सांगू? नीट बघा, माझ्या टकलाच्या डावीकडे कमान स्वच्छ दिसतेय. दगडी आहे!