फळीखालचा हात

जानू मिस्त्री रोज सकाळी मुलं यायच्या आधी बालवाडीत येत, सी-सॉच्या एका टोकाखाली आपला डावा हात जमिनीवर ठेवत आणि मला म्हणत, "बसा, बाई. हलकं नको, धाडकन बसा." मी अंगाने चांगली भरलेली. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून बसले. फळी खाली आली, अर्ध्या पुरलेल्या टायरवर टेकली आणि हात सुखरूप राहिला. "आता पोरांना येऊ द्या," असं म्हणून ते भिवंडीला कापडाच्या कारखान्यात मागांची लाकडी कामं करायला जात.

ही सवय त्यांना उशिरा लागली. काल्हेरच्या आमच्या बालवाडीसाठी एकाहत्तर-बाहत्तर साली त्यांनी आधी एक सी-सॉ केला होता, मोडीत निघालेल्या मागाच्या लाकडाचा. त्याचा त्यांना कोण अभिमान! "बारा वर्सं तेल प्यालंय ह्ये लाकूड. माजे नातू म्हातारे होतील, पन ह्ये सडनार न्हाय." सडलं नाहीच. पण उन्हाळ्यात आत मुरलेलं तेल वर येऊ लागलं. धरायच्या दांड्याचं तेल एकदा माझ्या हाताला लागलं. मी ते पदराला पुसलं आणि वर्गात गेले.

त्याच आठवड्यात चार वर्षांच्या सुमीचे हात दांड्यावरून निसटले. ती पुढे घसरून खाली पडली आणि त्याच टोकाला तिच्या मागे बसलेल्या मुलीसकट फळी तिच्यावर आली. तिसऱ्या दिवशी सुमी गेली.

मिस्त्रींनी कुऱ्हाडीने तो सी-सॉ फोडला. "लाकूड माजं, चूक माजी," असं सगळ्या गावासमोर म्हणाले. मी शेजारीच उभी होते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्याची शरम मला आजही वाटते.

दुसरा सी-सॉ त्यांनी कोरड्या सागाचा केला. दांड्याला काथ्या गुंडाळला, प्रत्येक टोकाला एकच बैठक ठेवली. पडघ्याहून ट्रकचे जुने टायर आणून दोन्ही टोकांखाली अर्धे पुरले. तरी महिनाभर कुणी आपलं मूल बसवेना. मग एक दिवस सुमीची आई, हिरा, आली.

"तुजा हात घाल खाली, काका," ती म्हणाली.

मिस्त्रींनी घातला. ती सगळा जीव एकवटून फळीवर आदळली. हाताला काही झालं नाही. हिराने वाकून फळीखालची मोकळी जागा बोटांनी चाचपली. "येवरीच जागा पयलं ठेवली असतीस त?"

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या धाकट्याला आणून बसवलं, आणि मिस्त्री त्या दिवसापासून रोज हात घालू लागले.

चारेक वर्षांनी ते छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. भेटायला गेले तर म्हणाले, "बाई, त्यो पयला दांडा तुमी कवा हातात धरला व्हता का?"

"नाही हो, मिस्त्री."

"बरं जालं. धरला असता त तुमच्या जिवाला जल्माचा घोर लागला असता."

ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून फळीखाली हात मी घालू लागले. वर बसायला हिरा येई. तेलाचं तिला मी अजून सांगितलेलं नाही.