उकळलेलं पाणी

ऑपरेशनच्या आधी भूल मी देते, म्हणून जळगावात मला सगळे भूलवाली बाई म्हणतात. मूळची मी धुळ्याची, आवाज चढा, आणि म्हातारा पेशंट पाण्याविना कोरडा आलेला दिसला की तो आणखी चढतो.

त्या दिवशीच्या आजी मारवाडी जैन घरातल्या, ऐंशीच्या पुढच्या, आतड्यात गाठ. सकाळी जीभ बघितली तर खडखडीत कोरडी. सकाळी थोडं पाणी प्या, चालतं, असं मीच आदल्या दिवशी बजावलं होतं. पण त्यांच्यात दिवस मावळल्यावर पाणी नाही, आणि उजाडल्यावर प्यायचं ते उकळलेलंच. आमच्या वॉर्डात होत्या विकतच्या पाण्याच्या बाटल्या. सुनेनं बाटली पुढे केली, आजींनी मान फिरवली. मला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसे, घाबरतात ना मला.

अशा कोरड्या शरीराला भूल दिली की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि प्रेशर धाडकन खाली येतं. तरुण हृदय जोरात धावून सांभाळून घेतं. ऐंशीचं हृदय कुठून धावणार? मेंदूला रक्त कमी पडलं तर ऑपरेशन फत्ते आणि माणूस हातचा गेला. मी सर्जनना म्हटलं, आजींना दुपारी घेऊ. ते कुरकुरले. कुरकुरू देत.

मी खोदून विचारल्यावर सुनेनं खरं कारण सांगितलं आणि घरी फोन लावला. थोड्या वेळानं आबा, म्हणजे आजींचे यजमान, थर्मास घेऊन हजर. जन्मात गॅस न पेटवलेल्या माणसानं स्वतः पाणी उकळून आणलं होतं. आजींनी ते त्यांच्याच हातून घेतलं, सावकाश, पेलाभर. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दुपारी टेबलावर घेतलं. सलाईन लावलं, तेही जपून. आपल्याकडे केळीला ठिबकनं पाजतात ना, म्हाताऱ्या हृदयाचं तसंच. एकदम ओतलं तर पाणी फुप्फुसात साचतं. भूलही थोडी थोडी दिली. तरी पोट उघडल्यावर प्रेशर घसरलंच. वाहिन्या आवळायचं औषध सुरू केलं, त्यांचं मनगट धरून बसले आणि मनातल्या मनात दटावत राहिले, असं करायचं नाही हं आजी, बाहेर तुमचा माणूस बसलाय. हळूहळू नाडी भरली आणि शेवटपर्यंत भरलेली राहिली.

शुद्धीवर आल्यावर आजी दुखतंय म्हणाल्या नाहीत. "यांनी पाणी घेतलं का?" एवढंच विचारलं.

बाहेर आले तर ऊन उतरलं होतं. आबा बाकावर ताठ बसलेले, ओठ सुकलेले, सकाळपासून घोट नाही. सून सांगून सांगून थकली होती. आजी सुखरूप आहेत, आता दिवस मावळायच्या आत पाणी घ्या, असं मी म्हटलं.

"ती आत तहानलेली. माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

खरं तर मला रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले.

"आबा, मी दुपारभर त्यांना शिरेतून पाणीच पाजत होते. तहानलेले तुम्ही एकटे."

मग त्यांनी सुनेपुढे हात केला, तिनं थर्मासमधून पेला भरून दिला. पेला खालून मी धरला. शेवटचा घोट गिळून झाल्यावर ते म्हणाले, "जा, तिला सांगा. वाट बघत असेल."