सात नंबरच्या खांबापाशी पाणी

नोकरी काय करता, असं कोणी विचारलं की हिस्के होखमा सांगते, "ताटली बुडवते." समोरचा हसतो. तीही हसते, पण ते अगदी खरं आहे. फ्रीसलंडच्या किनाऱ्याबाहेर, सात नंबरच्या खांबापाशी, ती दोरीला बांधलेली पांढरी ताटली समुद्रात सोडते आणि किती खोलीवर ती दिसेनाशी होते ते वहीत लिहिते. चाळीस सेंटिमीटर. पंचावन्न. वादळानंतर बारा. आमचं पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखं; त्यात कुणाला स्वतःचे गुडघे दिसले तर तो घरी येऊन सांगतो. हिस्केला बोटीतून नेणारा मी, सीत्से. एकतीस वर्षांत आमचा एकही मंगळवार चुकलेला नाही. एकदा लग्नाच्या वाढदिवशी तिचा नवरा रुसून बसला होता, तरीही नाही.

मग जलखात्याला उपग्रह मिळाला. तो वरून फोटो काढतो आणि पाण्याच्या रंगावरून गाळ किती, शेवाळ किती, ते ठरवतो. खोल, निळ्या समुद्रात तो हुशार असेलही. आमच्या गढूळ पाण्यात मात्र त्याने सात नंबरवर लागोपाठ तीन वेळा 'अति दाट शेवाळ' असा हिरवा डाग दाखवला.

"मंगळवारी मी तिथेच होते. शेवाळ कुठलं?" हिस्केने फोनवर विचारलं.

"बाई, तुम्ही एका ठिकाणी बघता. उपग्रह सगळीकडे बघतो," खात्याचे लोखेम साहेब म्हणाले. साहेबांचा समुद्राशी संबंध भिंतीवरच्या नकाशापुरता.

महिन्याभरात पत्र आलं. जानेवारीपासून ताटली बंद. त्याआधी एकदा उपग्रह आणि ताटली एकाच क्षणी मोजतील आणि तुलना होईल. आकडे जुळले तर ताटलीची गरज उरत नाही, आणि जुळले नाहीत तर ताटली चुकते आहे, असं पत्रातच लिहिलं होतं. हिस्केने ते दोनदा वाचलं आणि ओट्याशी जाऊन धुतलेल्या कपबशा उगाच पुन्हा धुतल्या. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

तुलनेची वेळ होती ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दुपारी पाऊण वाजता. आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात भरती-ओहोटीची पुस्तिका दोरीने टांगलेली असते. दूध आणायला निघालेला माणूसही आधी तीत डोकावतो. हिस्केने पान उघडलं आणि खात्याला लिहिलं: त्या दिवशी पाऊण वाजता तिथे पाणी नसेल.

उत्तर आलं: उपग्रहाची वेळ बदलता येत नाही. पाण्याच्या वेळेचे नियोजन आपल्या स्तरावर करावे.

"सीत्से, करतोस का नियोजन?" तिने विचारलं.

"समुद्राला कळवतो," मी म्हणालो.

गुरुवारी साहेब आले ते चकचकीत काळे बूट घालून. आकाश स्वच्छ होतं; उपग्रहाला आणखी काय हवं? अकराला निघालो. मी एकदा सांगून पाहिलं, "साहेब, बोट गाळात बसेल."

"तुमचं काम बोट चालवायचं," ते म्हणाले. मग मी चालवली.

सव्वाबाराला बोट खांबापाशी अलगद गाळात टेकली. आमच्या बोटी सपाट बुडाच्या असतात. त्या बसल्या की आम्ही सूप गरम करतो आणि पाण्याची वाट बघतो. साहेबांना हे माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंना मैलभर चिखल आणि त्यावर ओहोटीला नेहमी येते ती हिरवट साय. साहेब त्या हिरव्याकडे बघत राहिले; उपग्रहाच्या डागाचा रंग तोच होता.

बरोबर पाऊण वाजता हिस्केने ताटली सोडली. ती चिखलावर चप् करून बसली. हिस्केने वाकून बघितलं, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं. मग साहेबांना वाटाण्याचं सूप आणि राय धान्याचा काळा पाव दिला. साडेचारला पाणी आलं तेव्हा साहेबांची तिसरी वाटी चालू होती.

अहवालात आलं: आकडे जुळले नाहीत, सबब ताटली विश्वासार्ह नाही.

डिसेंबरात निरोपसमारंभ झाला. साहेबांनी हिस्केला चौकटीत बसवलेला मोठा उपग्रह-फोटो दिला. "तुमचा सात नंबर!" सगळीकडे हिरवं, मधोमध एक काळा ठिपका. खाली छापलं होतं: अति दाट शेवाळ, आणि ठिपक्यापाशी: अज्ञात तरंगता प्रदूषक.

हिस्केने चष्मा लावून कोपऱ्यातली तारीख वाचली, वेळ वाचली.

"साहेब, हा ठिपका म्हणजे आपली बोट. तुम्ही त्यात बसून सूप प्यायलात."

कोणाला तरी कॉफीचा ठसका लागला. साहेबांचा हात चौकटीवर तसाच राहिला. हाच फोटो देशभर छापून गेला होता, वर त्यांची सही होती. दुरुस्ती करायची तर नियमाप्रमाणे त्याच जागेची, त्याच क्षणाची, नेमलेल्या माणसाच्या हातची नोंद लागते. अशी नोंद एकाच वहीत होती.

"बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी काय लिहिलंत?"

हिस्केने पिशवीतून वही काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "सात नंबर. पाऊण वाजता. ताटली स्वच्छ दिसते. पाणी नाही. साहेब आहेत."

"शेवटचं वाक्य गाळता येईल?"

"एकतीस वर्षांत काही खोडलेलं नाही, साहेब."

ती नोंद आहे तशी, साहेबांसकट, सरकारी कागदावर चढली. आठवड्याने पत्र आलं: पुढील आदेशापर्यंत ताटली चालू ठेवावी. हिस्के पत्र हातात घेऊन धक्क्यावर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

आता उपग्रह आमच्यावरून जायचा असला की आदल्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरातला फोन वाजतो. लोखेम साहेब घसा खाकरतात आणि विचारतात, "बाई, उद्या पाऊणला तिथे पाणी आहे का?"